सायप्रसमध्ये आकामासची जीप सफारी करावी, की भाड्याची गाडी घेऊन आपलं आपण जावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सप्टेंबरमध्ये पाफोसला चार दिवस आहात, सोबत दहा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत, घरातले दोघं शाकाहारी आहेत, आणि आकामास द्वीपकल्प बघायला गाईडबरोबरची दिवसभराची जीप सफारी घ्यावी की भाड्याच्या गाडीने स्वतः जावं, असा प्रश्न पडलाय. माझं उत्तर स्पष्ट आहे: सफारी घ्या. फक्त ती कुणाबरोबर घ्यायची हे नीट पारखून ठरवा, कारण त्या दिवसाचं सगळं सोनं किंवा माती होते ती जीप चालवणाऱ्या माणसामुळे.

मी लिमासोलला राहते. इथे जहाज व्यवस्थापनाच्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांत काम करणारे भारतीयही बरेच. मीही त्यांतलीच एक. दर वर्षी उन्हाळ्यात कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि त्यांना घेऊन आकामासला जाणं होतंच. जीपनेही गेले आहे, पायीही फिरले आहे.

आधी गाडीचं बघू. सायप्रसवर १९६० पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यामुळे इथे वाहनं डाव्या बाजूने चालतात. रस्त्यावरच्या पाट्या ग्रीकबरोबर इंग्रजीतही असतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला विमानतळाबाहेर पडल्यावर अर्ध्या तासात गाडी हाताशी बसते आणि मग वाटतं, आकामास काय, पन्नास किलोमीटरही नाही, जाऊन येऊ. पण पश्चिम किनाऱ्याने गेलात तर आयिओस येओर्यिओसच्या पुढे थोड्याच अंतरावर डांबर संपतं. उत्तरेकडून गेलात तर ‘ॲफ्रोडाइटीचं स्नानकुंड’ म्हणतात तिथे संपतं. या दोन टोकांच्या मधला जो भाग बघायला लोक येतात तिथे खडकाळ, चाकोऱ्या पडलेली, काही ठिकाणी एका बाजूला थेट उतार असलेली कच्ची वाट आहे. लहान गाडीचा तळ घासतो, टोकदार दगडाने टायर फाटतो. भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा टायर आणि गाडीचा तळ धरलेला नसतो, आणि कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान तर नसतंच नसतं. करारावर सही करण्याआधी ते बारीक अक्षर जरूर वाचा. शिवाय बऱ्याच पट्ट्यांत मोबाइलला रेंज नाही, सावली नाही, टपरी नाही. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना तिथे अडकून पडण्यात काही शहाणपण नाही.

हा भाग असा कोरा कसा राहिला, हा प्रश्न तिथे गेल्यावर तुम्हाला पडेलच. पाफोसपासून पुढे किनाऱ्याला हॉटेलं आणि बंगले यांची रांगच लागलेली आहे आणि मग एकदम काही नाही. त्याचं एक मोठं कारण लष्कर आहे. स्वातंत्र्याच्या करारानुसार ब्रिटिश सैन्याला इथे सराव करण्याची मुभा होती आणि पुढे अनेक वर्षं आकामासचा बराच भाग गोळीबाराच्या सरावाचं मैदान म्हणून वापरला गेला. तिथे बांधकाम कोण करणार? त्यामुळे जुनिपरची झुडपं, रानटी थाइम, कॅरोबची झाडं, शेळ्यांचे कळप आणि समुद्र एवढंच उरलं. आता तो सरकारी संरक्षणाखालचा वनक्षेत्राचा भाग आहे. तरी किती रस्ता सुधारायचा, किती लोकांना आत सोडायचं यावर इथे सतत भांडण चालू असतं. गावकऱ्यांना वाटतं, बाकीचं बेट श्रीमंत झालं आणि आम्हाला मात्र जंगल राखायला बसवलं. निसर्गप्रेमींना वाटतं, एकदा डांबर पडलं की संपलं. चांगला गाईड या दोन्ही बाजू सांगतो, कारण त्याचं स्वतःचं गाव बहुधा त्याच पट्ट्यात असतं.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास जीप हॉटेलवरून घेते. कोरल बेच्या पुढे समुद्राने कोरलेल्या पांढऱ्या गुहा आणि ‘एद्रो ३’ नावाचं अडकलेलं मालवाहू जहाज हा साधारण पहिला थांबा. हे जहाज डिसेंबर २०११ मध्ये वादळात खडकावर चढलं, खलाशांना हेलिकॉप्टरने उचललं आणि जहाज तिथेच राहिलं. आमच्या धंद्यातली माणसं ते बघून जरा गंभीर होतात. बाकी सगळे फोटो काढतात. तिथून आयिओस येओर्यिओस: छोटं बंदर, समोर येरोनिसोस नावाचं निर्जन बेटुकलं, आणि वर सहाव्या शतकातल्या चर्चच्या अवशेषांत जमिनीवरची मोझेइकची नक्षी. बहुतेक जीपा इथे घाई करतात. तुम्ही गाईडला दहा मिनिटं जास्त मागा, ती नक्षी त्या मोलाची आहे.

पुढे अवाकासची घळ. चुनखडीच्या दोन भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की वर आकाशाची फक्त पट्टी दिसते, आणि एका ठिकाणी वरून सुटलेला मोठा दगड दोन भिंतींच्या मध्ये अडकून बसलेला आहे. खाली ओढा, गुळगुळीत गोटे, ओल्या कपारी. याच परिसरातल्या कड्यांच्या फटींत सेंटॉरिया आकामांटिस नावाचं जांभळट फुलांचं झुडूप वाढतं, जे आकामासखेरीज जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाही. जागा फार सुंदर आहे, पण इथे दरड कोसळण्याचा धोका खरा आहे आणि पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं. वन खात्याने घळ बंद ठेवली असेल तर गाईडला ‘थोडंसंच आत जाऊ’ म्हणून गळ घालू नका. आणि तो स्वतःहूनच नेतो म्हणाला, तर तो गाईड बरा नाही असं समजा. सासूबाईंनी इथे आत जाऊच नये. गोट्यांवरून चालताना धडधाकट माणसाचेही घोटे मुरगळतात.

मग येतो लारा. माझ्यासाठी सगळी सफारी या एका किनाऱ्यासाठी आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

लारा आणि घळीच्या तोंडाशी असलेला तोक्सेफ्त्रा या दोन किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. दोन जाती: हिरवं कासव आणि लॉगरहेड. तुम्ही कोकणात वेळासला कासव महोत्सवाला गेला असाल तर निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तिकडे येतात ती ऑलिव्ह रिडले, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची घरटी राखायला सुरुवात केली. लाराचं काम १९७८ पासून चालू आहे. इथल्या मत्स्यव्यवसाय खात्याने ते सुरू केलं आणि आंद्रेआस दिमित्रोपुलोस व मिरूला हाजीख्रिस्तोफोरू या दोन जीवशास्त्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं उभं ठेवलं. वेळासला घरट्यातली अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात. लाराला समुद्राच्या फार जवळ असलेली घरटी तशी हलवतात, पण शक्य तिथे घरटं जागच्या जागी ठेवून त्यावर जाळीचा पिंजरा बसवतात. इथला मोठा शत्रू म्हणजे कोल्हा. जाळीची भोकं अशी ठेवतात की कोल्ह्याला उकरता येत नाही, पण बाहेर पडणारं पिल्लू सहज निसटतं.

मोसम उलटा आहे हेही मुलीला सांगा. कोकणात कासवं हिवाळ्यात येतात आणि पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात. इथे माद्या जूनपासून ऑगस्टपर्यंत अंडी घालतात आणि पिल्लं जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पडतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, सात-आठ आठवडे वाळूच्या उबेवर. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. त्यामुळे उन्हाळे वाढत चालले की इथल्या लोकांची काळजीही वाढते. तुम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला येत असाल तर किनाऱ्यावर पिंजरे नक्की दिसतील. पिल्लं दिसण्याची आशा मात्र मुलीला दाखवू नका. ती बहुधा रात्री निघतात, आणि रात्री त्या किनाऱ्यावर थांबायला बंदी आहे.

ही बंदी काय काय आहे ते लक्षात ठेवा, कारण गाईडची परीक्षा इथेच होते. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात लारा-तोक्सेफ्त्राच्या किनाऱ्यावर रात्री थांबायचं नाही, वाळूवर गाडी आणायची नाही, छत्री किंवा तंबू रोवायचा नाही. समुद्रातही काही अंतरापर्यंत होड्या आणि मासेमारी बंद. प्रत्येक नियमामागे कारण आहे. छत्रीचा दांडा वाळूत खुपसला तर खाली घरटं असू शकतं. चाकाखाली वाळू दाबली गेली की पिल्लांना वर यायला जमत नाही, आणि आलं तरी टायरच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू तिथेच पळत राहून दमून जातं. मी असे चालक पाहिले आहेत जे जीप वरच्या वाटेवर सोडून सगळ्यांना पायी खाली नेतात, पिंजऱ्यापासून लांब उभं करतात आणि मग बोलायला लागतात. आणि पर्यटकांना आरडाओरडा करायला मिळावा म्हणून वाळूच्या कडेने जीप फिरवणारेही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पैसे देऊ नका. बुकिंग करताना सरळ विचारा: ‘लाराला जीप कुठे उभी करता?’ उत्तरावरून माणूस कळतो.

क्वाड बाइक आणि उघड्या बगी घेऊन जाणाऱ्या सफारींनाही माझा विरोध आहे. दहा-बारा गाड्या एकामागे एक धुरळा उडवत जातात, मागच्याला पुढचं काही दिसत नाही, आणि थांबून सांगणारं कुणी नसतं. मुलीला त्यात बसवू नका.

लाराच्या पुढे वाट डोंगरावर चढते. हाच खरा ‘ऑफ-रोड’ भाग. जीप पहिल्या गियरमध्ये कण्हत वर जाते आणि मागे बसलेले सगळे एकमेकांवर आदळतात. मुलांना हे फार आवडतं. वर धारेवर आल्यावर एका बाजूला पश्चिमेचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ख्रिसोखूचा उपसागर, दोन्ही एकदम दिसतात. काही सफारी उतरताना आंद्रोलिकू नावाच्या गावातून जातात. हे तुर्की-सायप्रियट लोकांचं गाव होतं. १९७४ मध्ये बेटाचे दोन तुकडे झाले, त्यानंतर इथली माणसं तुर्की ताब्यातल्या उत्तरेला गेली. दगडी घरं उभी आहेत, छपरं कोसळली आहेत आणि खोल्यांतून शेळ्या फिरतात. तुमच्या सफारीच्या मार्गात हे गाव आहे का ते विचारा, असेल तर ती सफारी निवडा. समुद्रकिनारे युरोपात सगळीकडे मिळतील. या बेटाचं दुखणं मात्र अशाच ठिकाणी समजतं, आणि पाफोसच्या हॉटेलात बसून त्याचा पत्ताही लागत नाही.

ॲफ्रोडाइटीच्या स्नानकुंडाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. दंतकथेनुसार ही ग्रीक प्रेमदेवता इथे आंघोळ करायची आणि इथेच तिची प्रियकर ॲडोनिसशी गाठ पडली. प्रत्यक्षात अंजिराच्या झाडाखाली, कातळाच्या पोटात, थंड पाण्याचं छोटं कुंड आहे आणि त्यात उतरायला मनाई आहे. पाच मिनिटांत बघून होतं. इथून निघणाऱ्या ॲफ्रोडाइटी आणि ॲडोनिस या दोन्ही पायवाटा प्रत्येकी साडेसात किलोमीटरच्या आणि फार देखण्या आहेत, पण त्या तुमच्या दिवसात बसणार नाहीत. पोहायला ब्लू लगूनला नेतात, एकतर कच्च्या वाटेने जीपने किंवा लाची बंदरातून बोटीने. पाणी इतकं स्वच्छ असतं की बोटीची सावली तळावर पडलेली दिसते. सप्टेंबरमध्ये समुद्र मस्त कोमट असतो. किनारा गोट्यांचा आहे, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट न्या.

जेवणाचं. बहुतेक सफारींत दुपारचं जेवण गावातल्या एखाद्या तवेर्नात असतं, काथिकास किंवा त्याच बाजूच्या एखाद्या गावात, आणि ते ‘मेझे’ पद्धतीचं असतं. म्हणजे छोट्या छोट्या बशा येत राहतात, आणि त्यांत मांसाच्या बऱ्याच असतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर सॅलड, चिप्स आणि भाजलेलं हलूमी चीज समोर येतं. हलूमीत पारंपरिक पद्धतीने दूध गोठवायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेव्हा तुमच्याकडे ते चालत नसेल तर आधी विचारा. त्यापेक्षा ‘निस्तीसिमो’ मागा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण म्हणजे निस्तीसिमो: मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही. ते काय असतं हे गावातल्या कोणत्याही स्वयंपाकघराला बरोबर कळतं, तिथे समजवत बसावं लागत नाही. फक्त कोळंबी, माकूल असले प्रकार त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं ‘समुद्रातलं काही नको’ म्हणून सांगा. मग लूव्ही येईल, म्हणजे आपली चवळी, कोवळ्या भोपळ्यासारख्या कुर्जेटबरोबर शिजवून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. सासूबाईंना नक्की आवडेल. इथे अळकुड्याही खातात, त्याला कोलोकासी म्हणतात, पण ती बहुतेक वेळा डुकराच्या मांसात शिजवलेली असते, म्हणून नाव ओळखीचं वाटलं तरी विचारल्याशिवाय घेऊ नका. हे सगळं आदल्या दिवशी सफारीवाल्याला कळवायचं, जेवणाच्या टेबलावर नाही.

सासूबाईंबद्दल मला जरा काळजी वाटते. जुन्या लँड रोव्हरमध्ये मागे दोन आडवे बाक समोरासमोर असतात, चढायची पायरी उंच असते आणि धक्के सगळे कमरेत आणि गुडघ्यांत बसतात. यायचंच असेल तर त्यांना पुढची सीट हवी. नाहीतर एक चांगला पर्याय आहे: त्या आणि तुमच्यातलं कुणी एक जण त्या दिवशी डांबरी रस्त्याने पोलिस ख्रिसोखूस गावावरून लाचीला या. बंदरात बसायला छान आहे, पुढे गाडीने कुंडाशी गेलात तर थोडंच चालावं लागतं, आणि बाकीचे दुपारी तिथेच भेटतील. सगळ्यांनी एकाच जीपमध्ये हाल सोसलेच पाहिजेत असं नाही.

बुकिंग करताना आणखी विचारायचं ते एवढंच: जीपमध्ये किती माणसं बसवता, सफारी खरोखर डोंगर ओलांडते की किनाऱ्याच्या बऱ्या रस्त्याने जाऊन परत येते, बोटीचे पैसे धरलेत का, आणि मुलीसाठी योग्य सीट व पट्टा आहे का. जीपमध्ये किती माणसं बसतात त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे किती जीपा एकत्र निघतात. एकटी किंवा दोन जीपा असतील तर उत्तम.

बरोबर काय न्यायचं: बांधता येईल अशी टोपी, नाकातोंडावर घ्यायला ओढणी किंवा पंचा (धूळ भयंकर असते, संध्याकाळी केस पांढरे होतात), बंद बूट, कपड्यांच्या आत पोहण्याचे कपडे, माणशी किमान दीड लिटर पाणी. गाडी लागत असेल त्याने गोळी निघण्याआधी घ्यावी, चढावर घेऊन उपयोग नाही.

त्रोदोस पर्वतातली जीप सफारी घ्यावी का असंही शेवटी विचारलंय. तीही चांगली आहे: सीडरची दरी, किक्कोसचा मठ, १,९५२ मीटर उंचीचं ऑलिम्पस शिखर. पण तो बराचसा भाग भाड्याच्या गाडीने डांबरी रस्त्यावरून तुम्ही स्वतः बघू शकता. म्हणून गाईडचे पैसे आकामासवर खर्च करा आणि त्रोदोसला स्वतः जा.

सफारी तुमच्या चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवसासाठी ठरवा. वारा जोराचा असला तर बोटी सुटत नाहीत आणि सफारी पुढे ढकलावी लागते, मग एक-दोन दिवस हाताशी राहतात. आणि सासूबाईंची पुढची सीट बुकिंगच्या वेळीच लेखी मागून घ्या, कारण तुमचं हॉटेल शेवटचं असेल तर जीप दारात येईपर्यंत तिथे दुसरं कुणीतरी बसलेलं असतं.